पुळणीवरची चाकं आणि कासवांचा हंगाम: दापोली किनाऱ्याचं एक प्रकरण

दापोली तालुक्यात केळशी, आंजर्ले, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे अशा पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, एकामागून एक लागतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या या किनारपट्टीवर रात्री अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडण्याचं काम जानेवारीपासून मेपर्यंत चालतं. नाताळ, ३१ डिसेंबर, प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्ट्या, शिमगा आणि मे महिना, म्हणजे पर्यटकांच्या गाड्यांची गर्दीही नेमकी याच दिवसांत. त्यातल्या काही गाड्या रस्ता संपला तरी थांबत नाहीत. थेट पुळणीत उतरतात, पाण्याच्या कडेने धावतात, गोल फिरतात. भाड्याच्या चारचाकी क्वाड बाईक तर दिवसभर फिरत असतात. याच वाळूवरून मच्छीमारांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्याही जातात, आणि त्या पिढ्यानपिढ्या जात आल्या आहेत. हर्णैला मासळीचा लिलाव पुळणीवरच होतो.

तेव्हा चाकं पूर्ण बंद करणं अन्यायाचं आहे आणि पूर्ण मोकळी सोडणं नासाडीचं. कोणती चाकं, कुठल्या पट्ट्यात, कुठल्या तासाला, एवढंच ठरवायचं आहे. त्याचं उत्तर बरंचसं तिथी आणि भरतीच्या गणितात सापडतं. गावातल्या प्रत्येक मच्छीमाराला हे गणित येतं, गाडी घेऊन येणाऱ्याला मात्र येत नाही.

गाडी नेमकं काय बिघडवते

चाकाखाली अंडी फुटतात, ही सर्वांच्या मनातली पहिली भीती. पण घरटं साधारण दीड फूट खोल असतं, आणि कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावातले कार्यकर्ते, बहुतेक घरट्यांतली अंडी त्याच सकाळी हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत, हलवतात. खरं नुकसान त्याच्या आधीच होतं, आणि ते मागाचं, म्हणजे मादीच्या वाळूवरच्या खुणांचं, असतं.

मादी ३५ ते ४५ किलोची असते. ती वर येते आणि परत जाते तेव्हा वाळूवर सुमारे ७० ते ८० सेंटिमीटर रुंदीचा माग उमटतो. त्यात डाव्या-उजव्या पायांचे ठसे समोरासमोर नसतात, आळीपाळीने पडलेले असतात. कासवमित्र पहाटे निघतात ते हा माग शोधायला. माग जिथे वळतो तिथे वाळू विस्कटलेली असते. तिथे काठीने अलगद चाचपून खड्ड्याची जागा ठरवली जाते. रात्री दहा गाड्या त्या पट्ट्यावरून गेल्या की माग पुसला जातो आणि घरटं कुणालाच सापडत नाही. ते जागेवरच राहतं, वर कुंपण नाही, खूण नाही. मग ते कुत्र्यांना, कोल्ह्यांना सापडतं, नाहीतर पुढचे दीड-दोन महिने त्यावरून चाकं जात राहतात. एका घरट्यात १०० ते १२० अंडी असतात, म्हणजे एक माग पुसला की शंभरावर जिवांचा हिशेबच लागत नाही. "आमच्याकडे हॅचरी आहे, मग गाड्यांनी काय बिघडतं?" हा प्रश्न ग्रामसभेत हमखास येतो. हॅचरीत काय पोहोचणार हे माग टिकण्यावर ठरतं, हे त्याचं उत्तर.

दुसरं नुकसान चाकोऱ्यांचं. पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं. दहा सेंटिमीटर खोल चाकोरीच्या कडा त्याला चढता येत नाहीत. पाण्याकडे जायचं सोडून ते चाकोरीतून किनाऱ्याला समांतर चालत राहतं, थकतं, आणि उजाडल्यावर कावळ्यांच्या, घारींच्या तोंडी पडतं. हॅचरीतून सोडलेल्या पिल्लांनाही हाच अडथळा पार करावा लागतो.

तिसरं, प्रकाश आणि हालचाल. वर येणारी मादी हेडलाइट पाहून अंडी न घालताच मागे फिरते. पिल्लं पाण्यावरच्या उजेडाकडे जाणारी, ती गाडीच्या नाहीतर रिसॉर्टच्या दिव्याकडे वळतात.

चौथं नुकसान गावाचं स्वतःचं आहे, आणि ग्रामसभेला तेच सगळ्यात आधी पटतं. पुळणीच्या वरच्या अंगाला मर्यादवेल वाळू धरून ठेवते. तिच्यामागे वाळूचा वरंबा, मग केवडा किंवा सुरूचं बन आणि त्यामागे माड-पोफळीची आगरं. एकाच जागेवरून गाड्या तिरक्या चढत-उतरत राहिल्या की वेल तुटते, वरंब्याला खिंड पडते, वारा वाळू उडवून ती खिंड रुंद करतो. जून-जुलैच्या उधाणात लाटेला आत शिरायला हीच वाट मिळते. खारं पाणी आगरात आलं की माडाच्या आधी विहीर बिघडते.

वाळूतल्या पांढऱ्या खेकड्यांबद्दल थोडक्यात. दिवसा ते बिळात खोल असतात, त्यामुळे मोठे बऱ्याचदा वाचतात. रात्री ते बाहेर येतात आणि चाकाखाली थेट चिरडले जातात. रात्रीची बंदी फक्त कासवांसाठी नाही, हे त्यासाठी लक्षात ठेवायचं.

भरतीचं गणित

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अचूक वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहावंच, पण नियोजनाला हा हिशेब पुरतो. त्यातून गाड्यांचे दोन वेगळे धोके दिसतात, आणि दोन्हींना एकच उपाय चालत नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पुरी ओहोटी असते. पुळण शंभर-सव्वाशे मीटर रुंद, ओली, कडक आणि सपाट दिसते. गाडीवाल्याला मोह होतो तो याच वेळी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पाणी वळलेलं असतं. भरतीचा वेग सारखा नसतो. पहिल्या तासात पाणी एकूण उंचीच्या बाराव्या हिश्शाने चढतं, दुसऱ्यात दोन हिश्शांनी, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिश्शांनी. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर आणि पुळणीचा उतार पन्नासास एक धरला, तर पाणी एकूण १२० मीटर आत येतं, आणि त्यातलं तिसऱ्या-चौथ्या तासात तासाला ३० मीटर. साडेसहाला रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर शोधून आणेपर्यंत साडेसात होतात. नेमका त्याच वेळी पाण्याचा जोर वाढतो.

अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, उलटं घडतं. भरती संध्याकाळी सहाला असते. भांगाची भरती फार उंच चढत नाही, तरी ओला कडक पट्टा अरुंद होतो. उतरलेली गाडी आपोआप वर सरकते, सुक्या मऊ वाळूत, मर्यादवेलीच्या कडेला. कासवांच्या घरट्यांची जागा तीच. त्यात पहाटे सहाला पुन्हा भरती असल्याने मागाचा खालचा भाग पाण्याने धुतलेला असतो आणि शोधायला उरतो तो फक्त वरचा तुकडा. त्यावरूनच गाड्या गेलेल्या असतात. म्हणून भांगाच्या रात्री राखण दुप्पट हवी. एरवी गावं उलट करतात. उधाणाला गाड्या बुडतात, बोंब होते, म्हणून तेव्हा पहारा बसतो, आणि भांगाला पुळण शांत दिसते म्हणून कुणीच नसतं.

"हवा कमी केली की झालं"

ऑफ-रोडिंगची आवड असलेले जाणकार सांगतात की टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून १६ वर आणली की चाकाचा वाळूवर टेकलेला भाग लांबतो, दाब निम्म्यावर येतो, गाडी रुतत नाही. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याने फक्त गाडी वाचते. माग तेवढाच पुसला जातो, दिवे तेवढेच लागतात, खेकडे तेवढेच मरतात. शिवाय पुळणीत उतरणाऱ्या बहुतेक गाड्या पुढच्या दोन चाकांना ताकद असलेल्या साध्या गाड्या असतात आणि त्यांचे चालक हवा कमी करत नाहीत. पाण्याच्या कडेला थांबलेल्या गाडीखाली तर आणखी एक गोष्ट होते. लाट येते-जाते तशी चाकाभोवतीची वाळू पातळ होते आणि गाडी इंजिन बंद असतानाही बसत जाते.

रुतलेली गाडी काढण्याचे नियम गावाने लिहूनच ठेवावेत. ॲक्सिलरेटर दाबत राहायचं नाही, चाक फिरेल तितकं खोल जाईल. चारही चाकांसमोरची वाळू फावड्याने उतार करून काढायची, झावळ्या नाहीतर फळ्या घालायच्या, हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवायची. दोर गाडीच्या ओढायच्या कडीलाच बांधायचा, बंपरला किंवा एक्सलला नाही. ताणलेल्या दोराच्या दीडपट अंतरात माणूस उभा राहू द्यायचा नाही. पाणी इंजिनात गेलं असेल तर चालू करून पाहायचं नाही, बॅटरीची तार आधी सोडायची. आणि ट्रॅक्टर ओल्या पट्ट्यानेच आणायचा. सात-आठ टनांचा जेसीबी वरंबा फोडून खाली उतरवला तर एका गाडीच्या सुटकेपायी अख्ख्या हंगामाची खिंड पडते.

अधिकार कुणाचा

किनाऱ्याची जमीन सरकारी, म्हणून महसूल खातं. कासवं आणि घरटी वनविभाग व कांदळवन कक्षाकडे. बंदराच्या बाजूला मेरीटाईम बोर्ड. वाहनं आणि सुव्यवस्था पोलिसांकडे. प्रवेशाचे रस्ते आणि पार्किंग ग्रामपंचायतीकडे. यातल्या एकाकडेच तक्रार नेली की ती दुसऱ्याकडे जाते, म्हणून पत्र सर्वांना एकाच दिवशी आणि एकाच मजकुराचं द्यावं.

कायद्याचा आधार भक्कम आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं येतं. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित गटात आहेत.

अडचण वेगळी आहे. घरटं सिद्ध झाल्याशिवाय वन्यजीव कायदा चालवणं अवघड, आणि घरट्याचा पुरावा तर गाडीनेच पुसलेला. म्हणून रोजच्या बंदोबस्तासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेश मागितला जातो. असा आदेश एका वेळी दोन महिनेच टिकतो. नोव्हेंबरात घेतलेला आदेश जानेवारीत संपतो आणि पिल्लं बाहेर पडू लागतात तेव्हा हातात काहीच नसतं. तो गर्दीच्या दिवसांसाठी राखून ठेवावा: २० डिसेंबरपासून पुढचे पंधरा-सोळा दिवस, मग शिमगा, मग मेची सुट्टी. बाकीचा हंगाम प्रवेशाच्या तोंडाशीच सांभाळायचा.

योजना, नमुन्याच्या पुळणीवर

हिशेबासाठी दोन किलोमीटरची पुळण धरू. एक डांबरी रस्ता, तीन बैलगाडीच्या वाटा, आगरांची आणि निवासांची आठ मागची दारं, आणि गर्दीच्या दिवशी शंभर गाड्या.

ऑक्टोबरच्या शेवटी, पावसाने नेलेली वाळू परत भरू लागली की, सगळी पुळण चालून प्रत्येक वाट नकाशावर घ्यावी. गावं फसतात ती इथे. डांबरी रस्त्याला गेट लागतं, आणि पंधरा दिवसांत गाड्या कुणाच्या तरी आगरातून बेडं, म्हणजे फाटक, उघडून उतरू लागतात. बाराच्या बारा वाटांचा निकाल एकदम लावायचा: दहा फक्त पायवाटा, एक कामाची वाट, एक आणीबाणीची.

पायवाटेवर खुंट रोवायचे, दोन खुंटांमध्ये १.२ मीटर मोकळं. लहानात लहान मोटारही दीड मीटरच्या आसपास रुंद असते, ती अडते. माणूस, गुरं, हातगाडी, व्हीलचेअर जाते. लोखंडी नळी घेतली तर जस्ताचा मुलामा दिलेलीच, साधी खाऱ्या हवेत लवकर सडते. सुरूचे खुंट स्वस्त पडतात, पण वाळूच्या पातळीला कुजतात, दर हंगामाला ठोकून पाहावे लागतात. ९० सेंटिमीटर खाली, ७५ वर, आणि तळाशी आडवं लाकूड बांधलेलं. हे आडवं लाकूड विसरलं की चार तरुण मिळून खुंट हलवून उपटतात. काँक्रीटची भिंत घालू नये. किनारा नियमनात त्याला परवानगी लागते, आणि लाट आदळून तिच्या पायाची वाळू नेते. आगराच्या कडेला जांभ्याचा जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत, असेल तर तो दुरुस्त करणं सर्वांत चांगलं. मोटारसायकल १.२ मीटरमधून सहज जाते. ती अडवायला दोन आडव्या नळ्या आड-आड लावता येतात, पण मग व्हीलचेअरही अडते. म्हणून एक वाट नळ्यांशिवाय ठेवून तिथे राखणदार बसवावा, आणि त्याच वाटेवर म्हाताऱ्या माणसांसाठी काथ्याची चटई अंथरावी.

कामाची वाट मच्छीमारांची. ती सुक्या वाळूतून सरळ काटकोनात उतरते, चार मीटर रुंद, झावळ्या अंथरलेली. पुढे ट्रॅक्टर ताज्या भरतीच्या कचऱ्याच्या रेघेखालूनच चालवायचा, ताशी १० ते १५ किलोमीटरने. पहाटेची फेरी संपून कासवमित्राने मोकळीक दिल्यावर वाट सुरू, सूर्यास्ताला बंद. होडी अवेळी आली तर मागे एक माणूस साध्या बॅटरीने चालेल आणि हेडलाइट बंद राहील, एवढी सूट द्यावीच लागते. मासळी थांबत नाही. हॅचरीसमोरच्या पंधरा मीटर पट्ट्यातल्या चाकोऱ्या रोज सूर्यास्ताआधी दंताळ्याने नाहीतर ट्रॅक्टरमागे फळी ओढून मोडायच्या. हे काम ट्रॅक्टरवाल्यांकडेच द्यावं, ते दहा मिनिटांचं आहे.

गेटच्या किल्लीवरून भांडणं होतात. तीन किल्ल्या केल्या की एक हरवते, कुलूप तोडलं जातं आणि गेट कायमचं उघडं राहतं. एका कुलपाऐवजी साखळीत कुलुपात कुलूप अडकवून तीन लावावी: मच्छीमार सोसायटीचं एक, पोलीस पाटलाचं एक, कासवमित्रांचं एक. कुणीही आपलं कुलूप काढलं की साखळी सुटते, आणि कुणाची किल्ली हरवली तर फक्त त्याचंच कुलूप बदलायचं.

पार्किंग नसेल तर वरचं सगळं पहिल्याच शनिवारी मोडेल. एका गाडीला फिरण्याच्या जागेसह २५ चौरस मीटर धरले तर शंभर गाड्यांना २,५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २५ गुंठे. जागा पुळणीपासून तीन-चारशे मीटरवर, रस्त्याच्या आधी लागणारी हवी. लोक पुळण दिसल्यावर मागे वळत नाहीत. गाडीला ५० रुपये धरले तर भरलेल्या दिवसाचे ५,०००, महिन्यातल्या आठ शनिवार-रविवारचे ४०,०००. निम्मे जमीनमालकाला दिले तरी एक पूर्णवेळ आणि एक सुट्ट्यांचा राखणदार निघतो. पावती ग्रामपंचायतीचीच असावी आणि हिशेब दर महिन्याला चावडीवर लागावा, नाहीतर वाडी-वाडीत संशय सुरू होतो.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या व्होलुशिया काउंटीत, डेटोना बीचवर, गाड्यांना परवानगी आहे आणि तिथेही कासवं येतात. १९९५ मधल्या कोर्टकचेरीनंतर तिथे नियम बसले: वाळूच्या टेकडीपासून किमान ३० फुटांचा पट्टा गाड्यांना बंद, वेग ताशी १० मैल, हंगामात रात्री गाड्या नाहीत, सकाळी कासवांची पाहणी झाल्यावरच प्रवेश, आणि फुटायला आलेल्या घरट्यांसमोरच्या चाकोऱ्या मोडणं. पाहणी आधी आणि चाक नंतर हा क्रम, आणि चाकोऱ्या मोडणं, हे जसंच्या तसं घेण्यासारखं आहे. हौसेच्या गाड्यांना दिवसा परवानगी मात्र इथे घेऊ नये. तिथे ठरावीक उतारांवर तिकीट आणि किनारा-गस्त आहे. इथे भांगाच्या भरतीला ३० फूट सोडले तर गाडीला जागाच उरत नाही.

हौशी चालकांना जागा कुठे

"पुळण नको तर सड्यावर जा" हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो फार महागात पडेल. सडा म्हणजे जांभ्याचा सपाट कातळमाळ, तो उन्हाळ्यात ओसाड दिसतो. पावसाळ्यात त्याच बोटभर मातीत हंगामी फुलं, कीटकभक्षी वनस्पती आणि डबक्यांतले जीव असतात. चाकाने ती माती एकदा सरकवली की खाली उघडा कातळ राहतो. त्याहून मोठी गोष्ट कातळशिल्पांची, म्हणजे सड्याच्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्यांच्या रेषा काही सेंटिमीटर खोल आहेत. आणि यादीबाहेरची, कुंपण नसलेली शिल्पं सड्यांवर कितीतरी आहेत.

बंद पडलेल्या चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी, हा खरा पर्याय. तिथली माती आणि वनस्पती आधीच गेलेली आहे, तळ कडक आहे, पायऱ्या आहेत, चढ-उतार बांधता येतात. मालकाची लेखी संमती, काठापासून पाच मीटरवर दगडांची रांग, पाणी साठलेले भाग बंद, आणि जवळपास कातळशिल्प नाही याची जाणकाराकडून पाहणी, एवढं झालं तर क्वाड बाईक भाड्याने देणाऱ्या गावच्या पोरांचा धंदा तिथे हलवता येतो. त्यांच्यावर कर्जाचे हप्ते आहेत. त्यांना जागा न देता बंदी घातली तर रात्री बेडं उघडणारे हात त्यांचेच असतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

काय मोजायचं

रोज पहाटे चार नोंदी पुरतात: पुळणीवर ठरवलेल्या चार रेघा ओलांडणारे चाकांचे पट्टे, अंडी न घालता परतलेल्या माद्यांचे माग, मागावरून सापडलेली घरटी, आणि नंतर कुत्र्यांनी उकरल्यावर किंवा पिल्लं निघाल्यावर कळलेली घरटी. शेजारी तिथी लिहायची. शेवटच्या दोन आकड्यांचं प्रमाण सर्वांत महत्त्वाचं. उशिरा कळलेली घरटी वाढत असतील तर रात्रीच्या गाड्या कुठल्या तरी वाटेने उतरताहेत, मग गेटवरची वही काहीही सांगो. अशा वेळी दंड वाढवण्याआधी बारा वाटा पुन्हा चालून पाहाव्यात, अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी.